प्रश्नाला वर्गात जागा हवी

दरवर्षी २८ फेब्रुवारीला देशभरातील शाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. थर्माकोलचे ज्वालामुखी धूर ओकतात, पुठ्ठ्याच्या पवनचक्क्या फिरतात, पाहुणे फीत कापतात आणि गणवेशातली मुले पाठ केलेली माहिती एका दमात म्हणून दाखवतात. पाहुण्यांपैकी एखाद्याने मध्येच थांबवून “हे असे का होते?” असे विचारले, तर मूल बावरते आणि बाईंकडे पाहते. बाई पाहुण्यांकडे पाहून हसतात. पाहुणेही समजूतदारपणे पुढच्या टेबलाकडे वळतात. कार्यक्रम यशस्वी झाल्याचे वृत्त दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात छापून येते. ज्या घटनेच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो, तिचा आणि या सोहळ्याचा संबंध मात्र फारच थोडा उरलेला असतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या ज्या शोधाची घोषणा १९२८ साली २८ फेब्रुवारीला झाली आणि ज्यासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे. १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी पाहिला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे लॉर्ड रॅले यांचे मत त्या काळी सर्वमान्य होते. रॅले हे पदार्थविज्ञानातील फार मोठे नाव. रामन यांनी नाव पाहिले नाही, समुद्र पाहिला. जवळच्या निकोल लोलकातून त्यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला आणि पाण्याकडे निरखून पाहिले. निळाई नाहीशी झाली नाही, उलट अधिक खुलली. म्हणजे रंग प्रतिबिंबाचा नव्हता, पाण्याने विखुरलेल्या प्रकाशाचा होता. ‘नेचर’ या नियतकालिकाला त्यांनी पाठवलेल्या टिपणाखाली ‘मुंबई बंदर, २६ सप्टेंबर १९२१’ असा उल्लेख आहे. मुंबईच्या धक्क्याला लागलेल्या बोटीतून एक भारतीय प्राध्यापक जगन्मान्य शास्त्रज्ञाचे मत पुराव्यानिशी खोडून काढत होता. विज्ञान दिनाला मुलांना सांगावे असे काही असेल तर ते हे आहे. नुसते सांगून मात्र ते पोहोचत नाही, त्याचा अनुभव द्यावा लागतो, आणि नेमका तोच अनुभव आपल्या वर्गांतून हद्दपार झाला आहे.

बहुसंख्य शाळांतील विज्ञानाच्या तासाचे चित्र सर्वपरिचित आहे. प्रयोगशाळेचे कपाट असते, पण त्याला कुलूप असते. भिंगे, परीक्षानळ्या आणि तराजू फुटतील, हरवतील, मग हिशेब कोण देणार, या धास्तीने ते उघडले जात नाही. प्रयोग होतो तो फळ्यावर. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण आणि अनुमान अशा क्रमाने तो उतरवून घेतला जातो. निरीक्षण हा शब्दही उतरवला जातो, निरीक्षणही उतरवले जाते. डोळ्यांनी काही पाहिलेले नसताना ‘पाण्याचा रंग बदललेला दिसला’ असे साठ मुले एकाच वाक्यात लिहितात आणि त्या वहीवर लाल शाईची बरोबरची खूण पडते. ही केवळ शिकवण्यातली त्रुटी म्हणून सोडून देता येणार नाही. जे पाहिले नाही ते पाहिले असे लिहिण्याची सवय आपण बाराव्या वर्षी लावतो आणि तिला गुण देतो. विज्ञानाच्या नावाखाली असत्याचा हा छोटासा संस्कार होत असतो, याची खंत फारशी कोणाला वाटत नाही.

याला पर्याय म्हणून जी पद्धती जगभर मांडली गेली तिला ‘पृच्छाधारित’ किंवा ‘शोधाधारित’ अध्यापन म्हणतात. नाव जड आहे, कल्पना सोपी आहे. निष्कर्ष आधी सांगून मग तो पटवण्याऐवजी, मुलांसमोर एखादी घटना ठेवावी, तिच्याविषयी त्यांना प्रश्न पडू द्यावेत, अंदाज बांधू द्यावेत, ते अंदाज हाताने तपासू द्यावेत आणि जे हाती लागेल त्यावर वर्गात वाद होऊ द्यावा. शिक्षक अखेरीस शास्त्रीय सिद्धान्ताकडे नेतोच, पण मुले तिथे चालत आलेली असतात, उचलून आणलेली नसतात.

एक उदाहरण घेऊ. परातीत थोडे पाणी घ्यावे, मध्यभागी मेणबत्ती पेटवून उभी करावी आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालावा. ज्योत मंद होत विझते आणि पाणी पेल्यात वर चढते. अनेक पुस्तकांतून आणि गाईडांतून पिढ्यान्‌पिढ्या याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की, मेणबत्तीने प्राणवायू वापरून टाकला, त्याची जागा पाण्याने घेतली. पाणी साधारण एक पंचमांश उंचीपर्यंत चढते, म्हणून हवेत प्राणवायू एक पंचमांश असतो. स्पष्टीकरण सुटसुटीत आहे, आकडाही जुळतो. परीक्षेत ते लिहिले की गुण मिळतात.

आता हाच प्रयोग प्रश्न विचारणाऱ्या वर्गात ठेवला तर काय होईल? एखादी मुलगी विचारेल, एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर? वर्ग अंदाज बांधेल. पेला तोच, म्हणजे आतली हवा साधारण तेवढीच, प्राणवायूही तेवढाच. तेव्हा पाणी तेवढेच चढायला हवे. प्रयोग केला की पाणी स्पष्टपणे अधिक उंच चढलेले दिसते. गाईडातले स्पष्टीकरण तिथेच डळमळते. दुसरा कोणी बारकाईने पाहून सांगेल की, ज्योत जळत असताना पाणी फारसे हलत नाही, ती विझल्यावर मात्र झपाट्याने वर येते. प्राणवायू जळण्यामुळे पाणी चढत असेल तर ते जळत असताना चढायला हवे होते. तिसऱ्याला पेला टेकवताना कडेने सुटलेले बुडबुडे दिसलेले असतात. हळूहळू उलगडा होतो. ज्योतीच्या उष्णतेने पेल्यातली हवा प्रसरण पावते, काही हवा बाहेर निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत लोटतो. मेणबत्त्या जितक्या जास्त, तितकी उष्णता जास्त आणि पाणीही जास्त. पुढे शिक्षक दोन गोष्टींची भर घालू शकतो. एक, मेण जळताना प्राणवायू नुसता नाहीसा होत नाही. त्याचे तीन भाग खर्ची पडले तर सुमारे दोन भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जळताना होणारी पाण्याची वाफ मात्र थंड होताच पाणी बनते. दोन, हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, पण तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती विझते; सगळा प्राणवायू संपतच नाही.

या एका तासात मुलांच्या हाती काय आले? हवेचे प्रसरण, वातावरणाचा दाब, ज्वलनाची रसायने एवढे तर आलेच. त्याहून मोठी गोष्ट ही की, छापील शब्दही चुकू शकतो आणि तो चुकला की नाही हे ठरवण्याचे साधन परातभर पाणी आणि तीन मेणबत्त्या इतके स्वस्त असू शकते. हा धडा ज्याला बाराव्या वर्षी मिळाला, तो मोठेपणी अफवेच्या, जाहिरातीच्या किंवा खोट्या आकडेवारीच्या आहारी सहजासहजी जाणार नाही. भारतीय संविधानाच्या ५१ क या अनुच्छेदात १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. त्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हेही एक कर्तव्य आहे. नागरिकाने जे मोठेपणी करावे अशी अपेक्षा आहे, त्याचा सराव शाळेत कुठे तरी व्हायला हवा की नको?

या पद्धतीविषयी भाबडेपणा मात्र टाळला पाहिजे. मुलांना साहित्य देऊन मोकळे सोडले की ती आपोआप न्यूटन होतात, असा एक गोड गैरसमज काही शिक्षणप्रेमी वर्तुळांत आढळतो. न्यूटनलाही आधीच्या पिढ्यांच्या खांद्यांचा आधार होता. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी एका गाजलेल्या निबंधात असे मांडले की, नवशिक्या विद्यार्थ्याला अत्यल्प मार्गदर्शनावर सोडून दिले तर त्याच्या स्मरणशक्तीवर नको तेवढा ताण येतो आणि तो फारसे शिकत नाही. २०१५ सालच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतही असे दिसले की, आपल्या वर्गात शोधाधारित उपक्रम वरचेवर होतात असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांना विज्ञानात अधिक गुण मिळाले असे कोणत्याच देशात आढळले नाही. शिक्षकाने नीट समजावून सांगण्याचा गुणांशी संबंध अधिक अनुकूल होता. त्याच पाहणीत दुसरी बाजूही दिसली. अशा उपक्रमांचा अनुभव असलेल्या मुलांना विज्ञान पुराव्यावर उभे असते याची जाण अधिक होती आणि विज्ञानाशी निगडित व्यवसाय करण्याची त्यांची इच्छाही अधिक होती.

यातून निघणारा बोध पद्धतीच्या विरोधात जात नाही, तो तिच्या अर्धवट वापराच्या विरोधात जातो. मेणबत्तीच्या प्रयोगात मुले प्रश्न विचारतील, पण तीन मेणबत्त्यांची तुलना करताना पेला आणि पाणी तेच ठेवायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे शिक्षकानेच शिकवावे लागते. हवेच्या दाबाची कल्पना मुले शून्यातून निर्माण करणार नाहीत, ती योग्य क्षणी द्यावी लागते. तेव्हा प्रश्न विचारू देणारा शिक्षक हा व्याख्यान देणाऱ्या शिक्षकाहून कमी नव्हे, अधिक तयारीचा असावा लागतो. कधी बोलायचे आणि कधी गप्प राहायचे, हे त्याला कळावे लागते. गायनाच्या तालमीत गुरू शिष्याला मोकळे सोडतो तो स्वर पक्का करून घेतल्यावर, आणि सोडल्यावरही त्याचा कान शिष्याच्या प्रत्येक स्वरावर असतो. तसेच हे आहे.

हे सारे परदेशातील प्रयोगशाळासंपन्न शाळांना शोभते, आपल्याकडे कसे जमणार, असा एक ठरलेला आक्षेप असतो. त्याला उत्तर आपल्याच देशाने देऊन ठेवले आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरम परिसरात, ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या अनुमतीने १६ ग्रामीण माध्यमिक शाळांत एक उपक्रम सुरू केला. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान प्रयोग करून शिकावे, एवढाच त्याचा आग्रह होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ सुट्ट्यांमध्ये तिथे जात आणि खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसून पाठ तयार करत. १९७८ मध्ये हा उपक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. १९८२ साली त्याच्या विस्तारासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे राज्याच्या इतर जिल्ह्यांतील शेकडो शाळांपर्यंत तो गेला. सरकारी शाळांमधून, सरकारी शिक्षकांकडून आणि शेतकरी-मजुरांच्या मुलांबरोबर हे घडले, हे मुद्दाम लक्षात ठेवले पाहिजे.

‘बाल वैज्ञानिक’ हे या उपक्रमाचे पुस्तक. त्यात प्रयोग होते, प्रश्न होते, उत्तरे नव्हती. ती मुलांनी स्वतः वहीत लिहायची होती. महागडी उपकरणे टाळून हाताशी असलेल्या वस्तूंचे साहित्यसंच केले गेले, सुईऐवजी बाभळीचा काटाही चालला. ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक व्यक्तीला मुले मनात येईल तो प्रश्न पत्राने विचारत आणि त्यांना उत्तर येत असे. शिक्षकांची उन्हाळ्यात दीर्घ प्रशिक्षणे होत आणि दर महिन्याला ते एकत्र जमत. वर्गात काय फसले, कोणता प्रयोग बिघडला, मुलाने विचारलेल्या कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, यावर मोकळेपणाने बोलत. आणि सर्वांत महत्त्वाचे, परीक्षा बदलली होती. पुस्तक जवळ ठेवून परीक्षा द्यायची मुभा होती आणि सोबत प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षाही होती. पाठांतराला गुणच नसतील तर पाठांतर कोण करील?

होशंगाबादचा एक धागा महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. आयआयटी कानपूरचे पदवीधर आणि पुण्यात टेल्कोमध्ये अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली या उपक्रमात काही काळ राहून आले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांपासून भूमितीच्या आकृती करण्याची त्यांची कल्पना तिथलीच. पुढे पुण्याच्या ‘आयुका’मधील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी केली आणि मुलांना करायला शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विज्ञान शिकायला पैसा लागतो, या समजाला त्यांच्या खेळण्यांइतके चोख उत्तर दुसरे नाही.

मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. केंद्राची उभारणी करणारे प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, अनेक मुलांना विज्ञान अवघड जाते ते विज्ञानामुळे नव्हे, तर पाठ्यपुस्तकाच्या बोजड भाषेमुळे. भाषा सोपी केली की तीच मुले तोच विषय चांगला शिकतात. प्रश्न विचारायचा तर तो विचारण्याइतकी भाषा मुलाजवळ हवी. परक्या भाषेत मूल उत्तर पाठ करू शकते, पण शंका काढताना अडखळते. अर्धवट इंग्रजीच्या हट्टापायी आपण मुलांची कोणती शक्ती गमावतो, याचा विचार पालकांनी आणि संस्थाचालकांनीही या अंगाने करायला हवा.

मग होशंगाबादचा प्रयोग आज कुठे आहे? तीस वर्षे चालल्यानंतर २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. या मुलांचे पुढे दहावीच्या परीक्षेत नुकसान होते, ती मागे पडतात, असा आक्षेप होता. आठवीपर्यंत विचार करायला शिकवलेले मूल नववीत गेले की पुन्हा पाठांतराच्या चरकात घातले जाई. तेव्हा ते गोंधळले तर दोष विचाराचा की चरकाचा, हा प्रश्न विचारला गेला नाही. जिल्ह्याच्या पातळीवर तक्रार झाली, राजधानीत आदेश निघाला आणि देशविदेशांतील शास्त्रज्ञांनी केलेली विनंतीही उपयोगी पडली नाही. जाणते लोक निघून गेले, कपाटांना पुन्हा कुलपे लागली. एखादा चांगला प्रयोग परीक्षेच्या भिंतीवर आपटून कसा फुटतो, याचे हे जिवंत उदाहरण आहे.

आज परिस्थिती वरकरणी अनुकूल आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अध्यापन अनुभवाधारित, पृच्छाप्रेरित आणि चर्चेवर आधारलेले असावे असे स्पष्टपणे म्हटले आहे. एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीच्या विज्ञानाच्या नव्या पुस्तकाचे नावच ‘जिज्ञासा’ ठेवले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु धोरणाच्या कागदावर शब्द बदलला म्हणून वर्गातला व्यवहार बदलत नाही. १९९३ सालच्या यशपाल समितीच्या अहवालानेही पाठांतराच्या ओझ्यावर नेमके बोट ठेवले होते. त्यानंतर दप्तरे हलकी झाली असे कोणी म्हणणार नाही. ‘जिज्ञासा’ नावाच्या पुस्तकाचेही गाईड निघेल, त्यातही प्रश्नोत्तरे असतील आणि ती पाठ करून घेणारे शिकवणीवर्गही निघतील. जिज्ञासेचेच पाठांतर होणे यापेक्षा अधिक क्रूर विनोद कोणता?

या संदर्भात आपल्या परंपरेकडेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. प्रश्नाच्याच नावाने ओळखले जाणारे एक उपनिषद या भूमीत निर्माण झाले. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे जातात. त्यांतील एक भार्गव हा विदर्भातला. पिप्पलाद त्यांना वर्षभर राहायला सांगतात आणि मग म्हणतात की, खुशाल विचारा, मला ठाऊक असेल तर सांगेन. गुरूच्या तोंडचा हा ‘असेल तर’ फार मोलाचा आहे. त्याच उपनिषदात सुकेशा सांगतो की, एका राजपुत्राने विचारलेले आपल्याला माहीत नव्हते आणि आपण तसे स्पष्ट सांगितले. माहीत नसताना माहीत असल्याचे भासवणे त्या काळी पातक मानले जाई. आज मात्र ‘मला माहीत नाही, आपण करून पाहू’ असे वर्गात म्हणण्याचे धैर्य किती शिक्षकांजवळ आहे, आणि तसे म्हणणाऱ्याचा मान राखण्याचे औदार्य किती मुख्याध्यापकांजवळ आहे? पूर्वजांनी काय काय शोधले याची यादी मुलांकडून पाठ करून घेणे सोपे असते. पूर्वजांसारखे प्रश्न विचारू देणे कठीण असते. पहिले केले म्हणजे दुसरे झाले, असा समज कोणी करून घेऊ नये.

शिक्षकावर खापर फोडून मोकळे होणे हेही न्यायाचे नाही. निवडणूक, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत त्याचा दिवस संपतो. शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि विज्ञान-गणितासाठी निदान एक शिक्षक असावा असा निकष घालून दिला आहे. वर्गात साठ मुले बसत असतील किंवा विज्ञानाचा तास ज्याला मिळेल त्याने घ्यावा अशी स्थिती असेल, तर परात आणि मेणबत्त्यांचा प्रयोग कोण, कधी आणि कसा करणार? धोरणकर्त्यांना पृच्छा हवी असेल तर त्यांनी आधी शिक्षकाला वेळ द्यावा.

करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पहिली, परीक्षा. प्रश्नपत्रिकेत थोडे तरी गुण असे असावेत की जे पाठ करून मिळणार नाहीत. न पाहिलेले निरीक्षण समोर ठेवून ‘यावरून काय म्हणता येईल, काय म्हणता येणार नाही’ असे विचारावे. दुसरी, शिक्षकांचे मासिक एकत्रीकरण. केंद्र पातळीवर शिक्षण परिषदा होतच असतात. त्यांत परिपत्रकांच्या वाचनाऐवजी एक तरी प्रयोग सर्वांनी मिळून करावा आणि फसलेल्या प्रयोगांची चर्चा व्हावी. तिसरी, कपाटाचे कुलूप. फुटलेल्या परीक्षानळीचा जाब शिक्षकाला विचारू नये, उलट वर्षभर एकही नळी फुटली नाही तर त्याचा जाब विचारावा. चौथी, प्रयोगवही. मुलाने जे पाहिले तेच लिहावे; प्रयोग फसला तर ‘फसला, कारण बहुधा असे’ असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. यांतील शेवटच्या दोन गोष्टींना सरकारी आदेशाचीही गरज नाही, त्या उद्याच्या उद्या कोणत्याही शाळेत होऊ शकतात.

समाजात शाळा चालवणाऱ्या संस्था आणि व्यक्ती कमी नाहीत. त्याग करून, वर्गणी गोळा करून, पडवीत वर्ग भरवून त्यांनी शाळा उभ्या केल्या. त्यांच्या हाती सरकारी शाळांपेक्षा थोडे अधिक स्वातंत्र्य आहे. शंभर टक्के निकालाचे फलक वेशीवर लावण्याची स्पर्धा त्यांनी क्षणभर बाजूला ठेवावी आणि आपल्या शाळेतले मूल गेल्या महिन्यात किती वेळा ‘का?’ असे म्हणाले, याची चौकशी करावी. पालकांनीही घरी आलेल्या मुलाला ‘आज काय शिकवले?’ याच्या जोडीला ‘आज तू काय विचारलेस?’ असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळेल. दुसऱ्या प्रश्नावर मूल गप्प राहिले, तर शाळेत जाऊन चौकशी करण्याची वेळ आली आहे असे समजावे.

रामन यांनी समुद्राकडे पाहिले तेव्हा त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती, खिशात मावेल एवढे एक उपकरण होते आणि मोठ्या नावाला न दबणारे मन होते. उपकरण विकत मिळते, मन मात्र घडवावे लागते. ते सहावी-सातवीच्या वर्गात घडते किंवा तिथेच कायमचे मोडते. येत्या २८ फेब्रुवारीला थर्माकोलचा एखादा ज्वालामुखी कमी झाला तरी चालेल. प्रदर्शनाच्या एका कोपऱ्यात परातभर पाणी, तीन मेणबत्त्या आणि एक पेला ठेवावा, शेजारी स्पष्टीकरणाचा तक्ता लावू नये, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथल्या मुलानेच विचारावे, “पाणी वर का चढले, सांगा पाहू?”